विमानाचे तास आणि घरचे तास

आमच्या शाळेच्या पटांगणावरून दिवसांतून पुष्कळ वेळां लहान लहान विमानें जातात. तीं बिरसीच्या धावपट्टीवरून उडतात. आंत बहुधा एक शिकणारा व एक शिकविणारा असतो. पांचवींत नवीन आलेला विद्यार्थी पहिले पंधरा दिवस मान वर करून पाहतो, पुढें पाहीनासा होतो. शिक्षकांची मात्र इतकी लवकर सुटका होत नाहीं. भूगोलाचा तास चालूं असतांना डोक्यावरून घरघर गेली कीं, वर्गांत एक तरी हात वर होतो, आणि प्रश्न ठरलेला असतो : "सर, येथून अमेरिकेला विमानानें किती तास लागतात?"

या प्रश्नास आम्ही पुष्कळ वर्षें एक ठराविक उत्तर देत आलों. तें उत्तर चुकीचें होतें असें नाहीं. तें अपुरें होतें. अपुरें उत्तर कधीं कधीं चुकीच्या उत्तराहूनहि अधिक हानि करतें, हें आम्हांस फार उशिरा कळलें. कसें कळलें तें पुढें सांगूं. प्रथम त्या उत्तरामागचा हिशोब पाहूं, कारण तो मोठा मौजेचा आहे, आणि तो टाळून पुढें जावें असें कोणत्याहि भूगोलाच्या शिक्षकास वाटणार नाहीं.

वर्गाच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा घ्या. त्यावर बेंगळूरु व अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को हीं दोन शहरें पट्टीनें जोडा. रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक महासागर व सबंध अमेरिका ओलांडून जाते, आणि तिची लांबी वीस हजार किलोमीटरांवर भरते. आतां तोच प्रयोग पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून करा. दोरा अटलांटिककडे मुळींच वळत नाहीं. तो सरळ उत्तरेकडे जातो, ध्रुवाच्या जवळून पलीकडे उतरतो, आणि लांबी भरते सुमारें १४,००० किलोमीटर. सहा हजार किलोमीटर गेले कोठें? ते मुळांत नव्हतेच. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरतांना नकाशा काढणाऱ्यास जी ओढाताण करावी लागते, तिच्यांतून ते निपजले होते.

मुलांस हें एकदम पटत नाहीं. म्हणून आम्ही वर्गांत नागपुरी संत्रें नेतों. देठ म्हणजे उत्तर ध्रुव. संत्र्याच्या एका बाजूच्या फोडीवर देठाच्या थोडें खालीं एक मुंगी आहे, आणि तिला नेमक्या समोरच्या बाजूच्या फोडीवर जावयाचें आहे. ती पोटाला वळसा घालून जाईल, कीं देठावरून जाईल? एवढें विचारलें कीं वर्ग समजतो. (संत्रें पुढें कोणी खावें याचा वाद मात्र दर वर्षीं होतो.) जानेवारी २०२१ मध्यें एअर इंडियाचें एक विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघून उत्तर ध्रुवावरून बेंगळूरुस आलें, तेव्हां तें याच मुंगीच्या वाटेनें आलें. त्याच्या प्रमुख वैमानिक कॅप्टन झोया अग्रवाल या होत्या, आणि वैमानिकांच्या आसनांवरील त्यांच्या सहकारीहि सर्व स्त्रिया होत्या. आमच्या मुलींस ही हकीकत सांगतांना आम्हांस विशेष आनंद होतो, तो लपविण्याचें कारण नाहीं.

सर्व पृथ्वीचा घेर सुमारें ४०,००० किलोमीटर. तेव्हां जगांतील कोणतेहि दोन विमानतळ एकमेकांपासून वीस हजार किलोमीटरांहून अधिक दूर असूंच शकत नाहींत. मोठें प्रवासी विमान तासाला सुमारें नऊशें किलोमीटर जातें. भागाकार करा, आणि जगाचें दुसरें टोंक बावीस-तेवीस तासांवर येतें. त्यांत वाऱ्याची भर घाला. तीस-चाळीस हजार फूट उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वाऱ्याचे प्रवाह असतात. त्यांच्यामुळें लंडनहून मुंबईस येणारें विमान मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानापेक्षां बहुधा लवकर पोंचतें, अंतर तेंच असतांनाहि. आणि शेवटीं घड्याळाची गंमत. सोमवारीं सायंकाळीं चार वाजतां अमेरिकेंत विमानांत बसलेला मनुष्य, त्या क्षणीं आपल्याकडे मंगळवारची पहाट झालेली असते.

घड्याळाविषयीं एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. भारताची प्रमाणवेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशावरून धरतात. आमचें गोंदिया सुमारें ८०। अंशांवर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशोबानें आम्ही प्रमाणवेळेच्या अवघीं नऊ मिनिटें मागें. मुंबई एकोणचाळीस मिनिटें मागें पडते, आणि १९०६ सालीं प्रमाणवेळ आल्यावरहि मुंबईकरांनीं आपली निराळी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नाहीं. राजधानीपेक्षां आमचें घड्याळ सूर्याशीं अधिक प्रामाणिक आहे, असें आम्ही मुलांस सांगतों. महाराष्ट्राच्या या अगदीं पूर्वेकडील टोंकास अभिमान बाळगण्याजोग्या गोष्टी फार नसतात. ही एक आहे.

असा हा हिशोब. तो करून आम्ही उत्तर देत असूं, "सोळा तास." मुलें खूष होत. कारण गोंदियाहून मुंबईस जाणारी विदर्भ एक्सप्रेसहि सुमारें सोळा तासच घेते. साडेनऊशें किलोमीटरांवरची मुंबई आणि चौदा हजार किलोमीटरांवरची अमेरिका सारख्याच दूर! हें वाक्य आम्ही वर्गांत कितीदां तरी बोललों असूं. मुलें तें घरीं जाऊन सांगत. पालकहि हंसून मान डोलवीत.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सांगतों.

आमचा एक माजी विद्यार्थी सॅन फ्रान्सिस्को येथें नोकरीस आहे. त्याचें घर सालेकसा तालुक्यांतील एका लहान गांवांत. घरीं थोडी धानाची शेती, आई, वडील व एक चुलता. कांहीं वर्षांपूर्वीं एप्रिल महिन्यांत, एका सोमवारीं सकाळीं सहा वाजतां, वडील अत्यवस्थ असल्याचा निरोप त्यास गेला. तेथें त्या वेळीं रविवारची सायंकाळ होती. त्यास दुसऱ्या दिवशीं दुपारच्या, दुबईमार्गें जाणाऱ्या विमानांत जागा मिळाली. सोमवारीं रात्रीं इकडे वडिलांनीं प्राण सोडला. मुलगा निघण्याच्या तयारींत होता. त्याचें विमान आपल्या मंगळवारच्या पहाटे साडेचार वाजतां सुटणार होतें.

निरोप मिळतांच आम्ही त्या घरीं गेलों होतों. गांवांतील वडील माणसें ओटीवर बसलीं होतीं. प्रश्न एकच होता : थांबावयाचें कीं नाहीं. एकुलता एक मुलगा. त्यानें शेवटचें दर्शन घ्यावें असें सर्वांस वाटत होतें. पण उन्हाळा कडक होता. चुलत्यानें आमच्याकडे वळून विचारलें, "गुरुजी, तुम्ही शिकलेले. विमानाला किती तास लागतात?"

आम्ही उत्तर दिलें, "सोळा तास."

त्यांनीं बोटांवर हिशोब केला. पहाटे साडेचार आणि सोळा; म्हणजे मंगळवारीं रात्रीं साडेआठ. एक दिवसाचा प्रश्न. आमगांवाहून बर्फाच्या लाद्या आणविल्या, आणि थांबावयाचें ठरलें. गोंदियाच्या रुग्णालयांत शीतगृहाची सोय करून घ्यावी काय, असें एकानें सुचविलें. पण एका दिवसासाठीं देह घरांतून हालवूं नये, असें आईचें म्हणणें पडलें, आणि तें सर्वांनीं मानलें. आम्हींहि मानलें.

मंगळवारीं रात्रीं साडेआठच्या सुमारास त्याचा दूरध्वनि आला. तो दुबईहून आला होता. तेथें चार तास थांबून पुढचें विमान; मुंबईस पहाटे सव्वातीन; नागपूरचें विमान पावणेआठला; नागपुरास सव्वानऊ; सामान घेऊन मोटार मिळेपर्यंत दहा; आणि नागपुराहून गांवापर्यंत साडेचार तास. तो बुधवारीं दुपारीं अडीच वाजतां घरीं येणार होता. ओटीवर कोणी कांहीं बोललें नाहीं. बर्फ वितळत होता. रात्रभर वाट पाहून, बुधवारीं सकाळीं नऊ वाजतां चुलत्यानें अग्नि दिला. कोणीतरी दूरध्वनीच्या पडद्यावर मुलास तें दाखविलें. तो त्या वेळीं अजून वाटेंतच होता. चित्र मधूनच तुटलें. अडीच वाजतां तो अंगणांत आला, तेव्हां अंगण धुऊन झालें होतें.

त्यानें आम्हांस कधीं दोष दिला नाहीं. चुलत्यानेंहि दिला नाहीं. परंतु आम्ही शिकलेले, म्हणून आम्हांस विचारलें होतें. सोमवारीं रात्रीं आम्हीं खरा आंकडा सांगितला असता, तर देह गोंदियाच्या शीतगृहांत ठेवतां आला असता. अथवा थांबणें शक्य नाहीं हें ओळखून मंगळवारीं सकाळींच विधि उरकतां आला असता, आणि त्या आईची एक रात्र तरी तशी गेली नसती. तिसरी कोणती वाट होती असें आम्हांस वाटत नाहीं. आम्हीं जी सांगितली ती या दोहोंपैकीं एकहि नव्हती.

पुढें आम्हीं त्या प्रवासाचा हिशोब कागदावर मांडला. तेथील घराच्या दारापासून येथील अंगणापर्यंत अडतीस तास झाले होते. त्यांपैकीं आकाशांत गेले सव्वावीस : दुबईपर्यंत पावणेसोळा, तेथून मुंबईपर्यंत तीन, मुंबई ते नागपूर दीड. उरलेले पावणेअठरा तास जमिनीवर गेले. कांहीं खुर्चीवर बसून, कांहीं रांगेंत उभें राहून, कांहीं मोटारींत. आणि निरोप मिळाल्यापासून विमानांत जागा मिळून घराबाहेर पडेपर्यंतचा वेळ धरला, तर छपन्न तासांवर आंकडा जातो. आमचे सोळा तास खोटे नव्हते. ते विमानाचे तास होते. ओटीवर विचारले गेले ते घरचे तास होते. या दोहोंतील भेद आम्हीं वीस वर्षें वर्गांत शिकविला नव्हता, कारण तो आमच्याच ध्यानांत आला नव्हता.

यावर कोणी म्हणेल कीं, ही सर्व अडचण आडगांवांत राहण्याची आहे. विमानतळ जवळ असता तर प्रश्नच नव्हता. परंतु विमानतळ जवळच आहे! बिरसीची धावपट्टी इंग्रज सरकारनें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बांधली; गोंदिया शहरापासून ती अवघ्या बारा किलोमीटरांवर, कामठ्याजवळ आहे. २००५ च्या अखेरीस ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली, पुढें तेथें वैमानिक घडविणारी संस्था निघाली. १३ मार्च २०२२ रोजीं इंदूर व हैदराबाद या शहरांस जोडणारें पहिलें प्रवासी विमान तेथून निघालें. मंत्री आले, ढोल वाजले, आमच्या शाळेंतूनहि कांहीं मुलें पाहावयास गेलीं. कांहीं महिन्यांतच ती सेवा बंद पडली. १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनें हैदराबादमार्गें तिरुपतीपर्यंत सेवा सुरू केली. बिरसी ते हैदराबाद हें सरळ अंतर पांचशें किलोमीटरांवर थोडेंसें आहे; पंख्याचें लहान विमान तें दीड तासांत तोडतें. पण ज्या गांवचें नांव त्या विमानतळास मिळालें, त्या बिरसीच्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र वर्षानुवर्षें रेंगाळला, हेंहि येथें लिहून ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें. आमची मुलें मान वर करून विमान पाहतात. तें ज्या जमिनीवरून उडतें तिच्याकडेहि त्यांनीं पाहावें.

आमचें मत असें आहे कीं, आमच्यासारख्या जिल्ह्यास पहिल्या विमानाची गरज नाहीं. ज्याच्यावर विसंबतां येईल अशा विमानाची, आणि त्याहूनहि अधिक, त्याला जोडून सुटणाऱ्या गाडीची गरज आहे. ढोल वाजवून सुरू झालेली व पावसाळ्यांत बंद पडलेली सेवा प्रवाशाच्या हिशोबांत धरतांच येत नाहीं. उलट, नागपुरास मुंबईचें विमान उतरल्यावर अर्ध्या तासांत गोंदियाकडे निघणारी, रोज निघणारी, साधी मोटारबस असती, तरी घरचे तास कमी झाले असते. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग ५ जून २०२५ रोजीं पूर्ण खुला झाला. विमानें, महामार्ग, सर्व वेग नागपुरापर्यंत येतो. पुढील गोंदिया, आमगांव, सालेकसा, देवरी यांचा हिशोब ज्याचा त्यानें करावयाचा, अशी आजवरची रीत आहे.

जोडणी हीच खरी गति आहे, हें नागपुरास एके काळीं चांगलें ठाऊक होतें. भारतांत विमानानें टपाल प्रथम गेलें तें १८ फेब्रुवारी १९११ रोजीं, अलाहाबादेहून नैनीस. यमुना ओलांडून दहा किलोमीटर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून अहमदाबादमार्गें मुंबईस टपाल आणलें. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा असे मुक्काम करीत लंडनला निघालें. या सर्व गोष्टी पाठ्यपुस्तकांत येतात. परंतु आम्हांस यांहून थोर वाटते ती जानेवारी १९४९ ची गोष्ट. दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास या चारहि शहरांहून रात्रीं टपालाचीं विमानें निघत, मध्यरात्रीच्या सुमारास चारहि नागपुरास उतरत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपल्या घरीं परत जाई. त्या विमानांचा वेग आजच्या मानानें कांहींच नव्हता. पण मुंबईस सायंकाळीं टाकलेलें पत्र सकाळीं कलकत्त्यास मिळे, कारण कोणीतरी बसून एका विमानाची वेळ दुसऱ्या विमानाच्या वेळेशीं जुळविली होती. पंचाहत्तर वर्षांपूर्वीं पत्राच्या थैलीसाठीं जें झालें, तें आज माणसासाठीं नागपुराहून पूर्वेकडे व्हावें, एवढेंच आमचें मागणें आहे.

पालकांस एक विनंति. आपलीं मुलें दूर जातात, जावींत. त्या विद्यार्थ्याच्या गांवीं त्या उन्हाळ्यानंतर दोघां बापांनीं आपल्या मुलींस पुण्यास शिकावयास पाठविण्याचें रहित केलें असें कानावर आलें, तेव्हां आम्हांस फार वाईट वाटलें. आमच्या बोलण्याचा हा अर्थ नव्हे. मुलीस पाठवा, पण पाठवितांना तिच्या खोलीच्या दारापासून आपल्या दारापर्यंतचे तास एकदां दोघांनीं मिळून मोजा, कागदावर लिहा, आणि तो कागद घरीं ठेवा. रात्रीं निरोप गेला तर किती, पावसाळ्यांत किती, सुटीच्या गर्दींत गाडींत जागा मिळाली नाहीं तर किती. दूरध्वनीवर रोज तोंड दिसतें म्हणून मूल जवळ आहे असें वाटूं लागतें. तें वाटणें गोड आहे, आम्हांसहि आहे. परंतु ओटीवर बसून जेव्हां निर्णय करावा लागतो, तेव्हां त्या कागदावरचा आंकडाच उपयोगी पडतो.

या वर्षीं आठवीच्या वर्गास आम्हीं दिवाळीच्या सुटींत हाच अभ्यास दिला. प्रत्येकानें आपल्या सर्वांत दूरच्या नातलगाच्या घरापर्यंतचे तास मोजून आणावयाचे. विमान असो, आगगाडी असो, एस. टी. असो. पुष्कळांनीं पुणें, सुरत, हैदराबाद लिहून आणलें. एकानें मस्कत आणलें. संगणकावर दोन विमानतळांचीं नांवें घातलीं कीं अंतर व तास लगेच मिळतात, हें मुलांस आमच्यापूर्वींच ठाऊक असतें. म्हणून तो आंकडा आम्हीं शेवटच्या ओळींत लिहावयास सांगितला होता. मस्कतवाल्याच्या हिशोबांत विमानाचा वेळ एका ओळीचा, आणि मोटारीचा, रांगेचा, थांबण्याचा वेळ अकरा ओळींचा निघाला.

एका मुलीची वही आम्हीं वेगळी ठेवली आहे. तिचा मामा सुरतेस असतो. तिच्या हिशोबाची पहिली ओळ अशी होती : "घरापासून फाट्यापर्यंत पायीं वीस मिनिटें." पुढें निराळ्या शाईनें, बहुधा आईस विचारून, तिनें भर घातली होती : "नाल्याला पाणी असलें तर जातां येत नाहीं." तासांच्या रकान्यांत तेथें तिनें जागा मोकळी सोडली होती. आम्हीं ती भरली नाहीं.